पाळण्यातले पाय

कामाक्षीअत्यानं अंबुजाच्या वेणीत दुसरा गजरा खोचला, दोन पावलं मागं सरून मान वाकडी केली आणि पहिला काढून टाकला.

"एक पुरे. दोन घातले की वय झाकायला घातल्यागत दिसतं."

"मग एकही नक्को, अत्या."

"उगी रहा गे. एकही नसला तर उघडंच पडतं."

प्रदर्शनाच्या फाटकासमोर, दिव्याच्या खांबाशी हे चाललं होतं. पोंगल झाला की तेनाम्पेटच्या मैदानावर दरसाल प्रदर्शन भरे आणि संध्याकाळी अर्धं मद्रास तिथं लोटे. अंबुजा टेलिफोन एक्स्चेंजमधून थेट इथं आली होती. सकाळपासून कानांवर पट्टा चढवून ती लोकांना लोकांशी जोडून देत होती आणि आता कान नुसते भणभणत होते. तिला खरं तर घरी जाऊन भिंतीला पाठ लावून बसायचं होतं. कुणी काही विचारू नये, आपण कुणाला काही सांगू नये, एवढंच.

तिचे वडील, अप्पा, म्हणजे राममूर्तीराव, छत्री काखेत धरून बाजूला उभे होते. सरकारी कचेरीत जन्म काढून ते निवृत्त झाले होते, आणि बायको गेल्यापासून त्यांनी बोलणंही निम्म्यावर आणलं होतं. धाकटी सरोजा लग्न होऊन कुंभकोणमला गेली, तिला लेकरं झाली, आणि थोरली बत्तिशीची होऊन अजून घरात, हे शहरातल्या झाडून साऱ्या तंजावरी मराठी घरांना ठाऊक होतं. घरं मोजकी, दुसऱ्याच्या लेकीचं वय मोजण्याखेरीज त्यांना विरंगुळा तरी काय? आजवर बरीच मंडळी मुलगी बघून गेली. दर वेळी घरात सोज्जीचा शिरा झाला, बज्जी तळली, अंबुजानं मान लववून एक कर्नाटकी कीर्तन गायलं, मंडळींनी रुमालाला हात पुसले आणि "कळवतो" म्हणून गेली. कळवलं कुणीच नाही. हनुवटीवरचा व्रण कशाचा, हे मात्र प्रत्येकानं विचारलं.

पण हे स्थळ वेगळं, असं अत्याचं म्हणणं होतं.

"खुद्द पुण्याचं घर, अण्णा! तीनशे वर्षांनी लेक माहेरी गेल्यागत होईल. आणि सोज्जी-बज्जीची कटकट नाही. त्यांनाच असं मोकळ्यावर भेटायचं आहे. सुधारलेली माणसं."

"बेष," अप्पा म्हणाले. त्यांच्या 'बेष'चा अर्थ हल्ली 'ठीक' असाही होई आणि 'आता पुरे' असाही.

मुलाचं नाव विद्याधर देवळाणकर. पेरांबूरला रेल्वेचे डबे बनतात त्या कारखान्यात तो नकाशे काढायचा. मद्रासेत येऊन त्याला सहाएक महिने झाले होते. त्याची आई थंडीपुरती त्याच्याकडे आली होती, आणि मद्रासेत थंडी नसते हे तिला आल्यावर कळलं होतं. दोघं फाटकाच्या आत अप्पळमच्या दुकानापाशी उभी होती. थाळीएवढा तळलेला अप्पळम, म्हणजे इकडचा पापड, हातात धरून विद्याधर तो कुठून मोडावा याचा विचार करत होता. उंच, चष्मा, कानाशी दोन पांढरे केस. अंबुजाला पाहताच त्यानं अप्पळम पाठीमागं लपवला. अंबुजाला हसू आलं, आणि आज आपल्याला हसू आलं याचं थोडं नवलही वाटलं.

"या, या! आताच आलो आम्हीही," विद्याधरची आई म्हणाली.

"नमस्कार. तुम्ही अस्की बरी आहां ना?" अंबुजानं विचारलं.

"अस्की म्हणजे?"

"सगळी, सगळी!" अत्यानं घाईनं भर घातली. "आमच्यात तसं म्हणतात."

"अगंबाई! किती गोड! अगदी पोथी वाचल्यासारखं बोलता हो तुम्ही." विद्याधरची आई खरंच खूश झाली होती. "नोकरीत काय, दिवसभर फोनवर बोलायचं असतं ना? आमच्याकडे आल्यावर आराम होईल जिवाला. घरात आम्ही दोघंच. तो कारखान्यात गेला की मी भिंतींशी बोलते."

म्हणजे नोकरी गेली. अंबुजानं मान डोलावली. तिला नोकरीचं प्रेम होतं असं नाही, कंटाळाही तितकाच होता. पण सोडायला कुणी इतक्या सहज सांगावं याचं तिला वाईट वाटलं. तिनं अप्पांकडे पाहिलं. अप्पा समोरच्या पाटबंधारे खात्याच्या दालनात ठेवलेला धरणाचा मातीचा नमुना निरखीत होते.

दालनं बघून झाली. धरण बघितलं, भाताचं नवं बियाणं बघितलं, काचेच्या बाटलीतली दोन डोक्यांची पाल बघितली. दोघांनी आपसात बोलावं म्हणून सगळे मागं रेंगाळत, आणि सगळे मागं रेंगाळतात हे दिसल्यावर दोघं गप्प होत. त्यातून मौतका कुआँमधली फटफटी असा आवाज करी की स्वतःचं मनसुद्धा ऐकू येऊ नये. अखेर विद्याधरची आई वैतागली.

"असं नाही जमायचं. त्या पाळण्यात बसा पाहू दोघं. चार माणसांच्या डोळ्यांदेखत, आणि चार माणसांना ऐकू न येईल असं."

मैदानाच्या टोकाला विजेच्या माळा घातलेला उंच रहाटपाळणा फिरत होता. अंबुजा जागच्या जागी थांबली.

लहानपणी एकदा ती अशा पाळण्यात बसली होती. त्यानंतर आजतागायत नाही. प्रदर्शनाला आली तरी ती पाळण्याकडे पाठ करून उभी राही, नि सरोजा त्यावरून तिला चिडवीत असे.

"तिला ते जरा..." अप्पांनी तोंड उघडलं.

"जरा काय, अण्णा?" अत्यानं भुवया चढवल्या. "आयुष्यभर जरा, जरा. त्यानंच तर इथवर आलो."

अप्पांनी तोंड मिटलं.

"मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात," विद्याधरची आई हसत म्हणाली, "आज मुलीचेही बघून घेऊ!"

सगळे हसले. विद्याधर हसला, पण त्याचा चेहरा काही फार खुलला नाही. आईनं तिकिटं आणून त्याच्या हातात कोंबली. नको म्हणावं तर काय कारण सांगायचं? बत्तीस वर्षांची बाई, पाळण्याला भिते? स्थळ सोन्यासारखं, संध्याकाळभर उभं राहून अत्याचे पाय सुजलेले, आणि अप्पांची ती खाली गेलेली मान. अंबुजा पायऱ्या चढली.

दोघांपुरतं लाकडी बाक, पुढं आडवी लोखंडी कांब. पाळणावाल्यानं कांब खळ्‌कन पाडली आणि पायाखालची जमीन सुटली. अंबुजानं डोळे मिटून घेतले. तोंडातल्या तोंडात ती एक्स्चेंजमधले नंबर म्हणू लागली. मैलापूर, एग्मोर, जॉर्ज टाउन, ज्याचा जो आठवेल तो.

"तुम्हाला... तिखट चालतं का?" विद्याधरनं विचारलं.

"चालतं."

"मला फार नाही चालत."

अंबुजानं डोळे किलकिले केले. कांबेवरच्या त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. पाळणा चढत चढत अगदी माथ्यावर गेला आणि तिथं थबकला. बाक पुढं-मागं झुलू लागलं. एका बाजूला माउंट रोडचे दिवे, दुसऱ्या बाजूला सगळा काळोख, म्हणजे तिकडे समुद्र. तळाशी उतारू उतरत होते, नवे चढत होते. पाळणावाल्यानं तोंडाशी हात धरून हाळी दिली.

"काली! काली! काली!"

विद्याधर ताडकन उठला.

"खाली म्हणतोय! उतरा म्हणतोय, काहीतरी मोडलंय!" त्यानं कांब वर उचलली. बाक पुढं कलंडलं. एक पाय त्यानं फळीच्या कडेवर टाकलासुद्धा.

अंबुजानं एका हातानं बाजूचा दांडा पकडला, दुसऱ्या हातानं त्याचा कमरेचा पट्टा, आणि होतं नव्हतं ते बळ लावून मागं ओढलं. तो धप्पकन बाकावर पडला. तिनं कांब पाडली आणि वर आपला हात दाबून ठेवला.

"बसा! बसा म्हणते ना!"

"अहो, पण तो खाली..."

"खाली नव्हे. काली. काली म्हणजे रिकामं. एक बाक रिकामं झालं, फिरव पुढं, म्हणून आपल्या माणसाला सांगतोय. तमिळ आहे ते, आपलं नव्हे."

"रिकामं," विद्याधर म्हणाला. "रिकामं होय." त्याचे बूट फळीवर टकटक वाजत होते. त्यानं गुडघे दोन्ही हातांनी दाबून धरले तरी ते थांबेनात. अंबुजानं त्याचं मनगट धरलं. आपण परपुरुषाचा हात धरलाय हे तिच्या ध्यानात आलं, पण सोडावासा वाटला नाही. नवल म्हणजे तिची स्वतःची भीती कुठं गेली कोण जाणे. दुसऱ्याला धरून बसायचं असलं की स्वतःसाठी भ्यायला हात मोकळा राहत नाही.

"मी काय ऐकलं ते तुम्हाला कसं कळलं?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"मी पण तेच ऐकलं होतं. नऊ वर्षांची होते."

आणि आजवर बघायला आलेल्या कुणालाही न सांगितलेली गोष्ट तिनं त्याला सांगितली. पीपल्स पार्कात जत्रा भरायची. तिथला पाळणा लाकडी, दोन माणसं हातांनी फिरवायची. ती अप्पांच्या शेजारी बसली होती आणि पहिल्या फेऱ्यातच रडकुंडीला आली होती. कधी एकदा उतरते असं झालं होतं. तेवढ्यात कुणी ओरडलं, काली, काली! तिनं धरलेली पाळण्याची दोरी सोडली आणि उतरली. पाळणा पुरुषभर उंचीवर होता. हनुवटी फळीवर आपटली. अप्पांनी तिच्यामागून तशीच उडी टाकली. जत्रेतली माणसं आधी धावली आणि मग, लेकरू का उतरलं ते कळल्यावर, पोट धरून हसली.

"पण तुम्हाला तमिळ येत नव्हतं का?"

"यायचं की. गल्लीत दिवसभर तमिळच. पण भ्यालेल्या लेंकराचे कान घरचेच असतात."

विद्याधर हसला. अप्पळम लपवतानाचं ते बावळट हसू नव्हे, चांगलं मोकळं हसला. मग चष्मा काढून हातातच धरून बसला.

"मला लहानपणी जत्रेत काका बळंच बसवायचा. मी ओकायचो. सगळे म्हणायचे, मोठा झाल्यावर सुटेल. छत्तीस वर्षांचा झालो, कुठं सुटतंय? विहीर वाकून बघत नाही मी. आईला वाटतं, केव्हाच सुटलं." तो थांबला. "तिला सांगू नका."

"मी कशाला सांगू?"

"तुमचं बोलणं ऐकलं की बरं वाटतं," तो म्हणाला. "आई म्हणते तसं पोथीबिथी नाही. नुसतं बरं वाटतं."

पाळणा पुन्हा फिरू लागला होता. तो तिचा हात धरून होता आणि प्रत्येक उतरणीला डोळे गच्च मिटत होता. याच्याबरोबर होईल, असं अंबुजाला वाटलं. भिणारा माणूस, पण भितो असं सांगणारा. संध्याकाळी थकून घरी यावं, त्यानं तिखट फार झालं म्हणावं, आपण बरं म्हणावं. यापेक्षा जास्त काही तिनं कधी मागितलं नव्हतं. आज पहिल्यांदा तिला हे स्थळ हवंसं वाटलं, अगदी मनापासून हवंसं वाटलं, आणि तिचा जीव हलका झाला.

तळाशी आल्यावर पाळणावाल्यानं कांब उचलली. विद्याधरनं हात सोडवून घेतला, चष्मा चढवला, केस सारखे केले. विद्याधरची आई आणि अत्या चहाच्या दुकानापुढच्या बाकावरून लगबगीनं आल्या. अप्पा आधीपासूनच पाळण्याच्या कुंपणाला टेकून उभे होते.

"काय रे, वर कसला गोंधळ चालला होता?" आईनं विचारलं. "एवढ्या लांबून नीट दिसेना, पण कुणीतरी उभं राहिलं होतं ना? माझ्या छातीत धस्स झालं!"

विद्याधरनं एकदा अंबुजाकडे पाहिलं. मग आईकडे.

"अगं, या किती घाबरल्या! मधेच उठून निघाल्या होत्या उतरायला. मीच धरून बसवलं."

त्याची आई खळखळून हसली, अत्या हसली, आणि सगळ्यांच्या मागून अप्पाही हसले.

"अस्सं होय! अहो, एवढं काय त्यात?" विद्याधरची आई अंबुजाची पाठ थोपटत म्हणाली. "बाईमाणसानं थोडं भ्यावंच. न भिणाऱ्या सुना काय कमी पाहिल्यात मी! आणि सांभाळणारा आहे की आमचा."

"दुधात साखर!" अत्या म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

अंबुजा विद्याधरकडे बघत राहिली. तो चष्म्याची काच पुशीत होता. आताच तर चष्मा चढवला होता. तिला राग आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं. नुसतं गप्प राहिला असता तरी चाललं असतं. गर्दी होती, आवाज होता, काहीतरी म्हणून वेळ निभावली असती. तेवढंही त्याला जमलं नाही. तोंड उघडून खरं सांगायला तिला पळभरही लागलं नसतं, पण सांगणार नाही असं ती वर कबूल करून आली होती.

"आमच्याकडून होकारच समजा," विद्याधरची आई अप्पांना म्हणाली. "बाकीचं सावकाश ठरवू."

अत्याला सैदापेटकडची बस घ्यायची होती. जाताजाता तिनं अंबुजाच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. "घोडं गंगेत न्हालं गे बाई माझं," ती म्हणाली आणि गर्दीत मिसळली.

बापलेक मैलापूरच्या बसच्या थांब्यावर येऊन उभे राहिले. थांब्यावर तिसरं कुणी नव्हतं. रस्त्यापलीकडे एक बाई उसाच्या कांड्या टोपलीत रचून घरी निघायच्या तयारीत होती. अप्पांनी छत्री टेकवली, तिच्यावर भार दिला.

"अप्पा," अंबुजा म्हणाली, "त्यांना नक्को म्हणून सांगा."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं नाही. "का गे? एवढी भ्यालीस?"

"हो. भ्याले."

एक बस आली. त्यांची नव्हती. कंडक्टरनं खिडकीतून हात हलवला आणि ती पुढं गेली.

"भ्यालेलं माणूस उठून पळतं," अप्पा म्हणाले. "तू तर बसली होतीस. पट्टा धरून त्याला ओढलंस. मी कुंपणापाशीच होतो, अंबू. मला दिसत होतं."

अंबुजानं झटकन मान वळवली.

"दिसत होतं, तर त्यांच्याबरोबर हसलात कशाला?"

अप्पांनी रस्त्यापलीकडे नजर वळवली. पलीकडच्या बाईनं टोपली डोक्यावर घेतली, ती घेताना दोन कांड्या पडल्या, त्या तिनं पायानं बाजूला सारल्या.

"दमलो गे," अप्पा म्हणाले. "म्हटलं, होंवदे. कसं तरी होंवदे एकदाचं."

तिला वाटलं होतं आपण चिडू. पण त्यांचा आवाज तिनं आजवर असा ऐकला नव्हता, आणि त्यात लपवलेलं असं काही नव्हतं.

"मी पण दमले, अप्पा," ती म्हणाली. "म्हणूनच नक्को म्हणते. जन्मभर कुणाचं भेव आपल्या नावावर घ्यायचं म्हणजे फार दमणूक."

अप्पांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. लांबून मैलापूरची बस येताना दिसली. त्यांनी छत्री काखेत घेतली.

"सरी, बरं तर," ते म्हणाले. "कामाक्षीला उद्या मीच सांगतो. ती येईल, गल्ली गोळा होईल इतकं रडेल, मला नको नको ते बोलेल. तू आतून बाहेर येऊ नको. मी बसतो ऐकत."